सावलीबाई थांबल्या तेव्हा

या, अशा जवळ या. आधी दार लावून घ्या, गारठा आत येतोय. आणि त्या हीट पंपाखाली रांग लावून उभं राहायचं सोडा, इथे पलंगावर भरपूर जागा आहे. तुम्हा पोरांशी दोन शब्द बोलायचे आहेत आणि त्यातला पहिला रागाचा आहे. मागच्या शनिवारी मंडळाचं जेवण आटोपल्यावर तुम्ही सगळे हॉलच्या पार्किंगमध्ये 'चला, निघतो' म्हणत किती वेळ उभे होतात? दुधावर साय धरावी तसा तोवर गाड्यांच्या काचांवर बर्फ धरला. मग तुमच्यातल्याच एका शहाण्याने हॉलच्या किचनमधून किटलीभर उकळतं पाणी आणलं आणि पुढच्या काचेवर ओतलं. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. तान्ह्या बाळाला ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, गाडीला नाही. नाव घेत नाही, कारण तो इथेच मान खाली घालून बसलाय. पण सावलीबाई इथे असत्या ना, तर त्यांनी त्याला किटलीसकट घरी चालत पाठवलं असतं.

तुमच्यातल्या नव्यांना सावलीबाई माहीत नसतील. जुन्यांना हसू आलंच असेल. हे नाव त्यांना मंडळानेच ठेवलं, कारण बाई सावलीला घाबरायच्या. आपण देशातून आलेली माणसं सावली शोधणारी. झाड दिसलं की गाडी लावा, डबा उघडा. बाई मात्र गाडी चालवताना पुढे सावली दिसली की मोठ्याने 'सावली आली' म्हणायच्या आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायच्या. आपल्या कँटरबरीत जून-जुलैच्या थंडीत डोंगराच्या किंवा शेतांच्या कडेच्या त्या उंच, काळ्या हिरव्या झाडांच्या सावलीत भर दुपारीसुद्धा पहाटेचा बर्फ तसाच बसलेला असतो, आणि तो दिसत नाही. रस्ता नुसता ओला वाटतो. बाई मूळच्या नागपूरच्या, इतकी वर्षं इथे काढूनही बोलणं तिकडचंच. मला म्हणायच्या, "ब्रेक काय मारायचा तो सावलीच्या अगोदर मार, उन्हात. सावलीत गेल्यावर पाय पाहुण्यासारखा ठेव. कशाला हात लावू नको, कोणाला धक्का देऊ नको."

माझी आणि त्यांची ओळख झाली ती मी इथे आल्यावरच्या पहिल्याच थंडीत. हे गेले आणि मुलाने मला ठाण्याहून इथे न्यूझीलंडला, हॉर्नबीला आणलं. प्रेमानेच आणलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि मी आतल्या खोलीत. खिडकीच्या काचेवर आतून पाणी ओघळायचं, ते पुसायचं. मग पुन्हा ओघळायचं. बाहेर सरळ, रिकामे रस्ते, चालायला निघालं तर माणूस म्हणून दिसायचं नाही. बस होती, पण बसस्टॉपवर वारा असा की दात वाजायचे. नातवंडांशी मराठीत बोलावं तर ती 'येस आजी' म्हणून निघून जायची. ठाण्याला दोन खोल्यांत पाच माणसं होतो, तरी कधी कोंडलेलं वाटलं नाही. इथे चार बेडरूमच्या घरात मला भिंती मोजायची वेळ आली.

बाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या, एकट्याच. त्यांचे मिस्टर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्यांनी नोकरी केली ती टिमरूच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, पहाटेच्या पाळीला, तेव्हा बर्फाशी त्यांची जुनी भांडणं होती. सुनेने कुठल्याशा हळदीकुंकवाला आमची गाठ घालून दिली. दुसऱ्या दिवशी दारात त्यांची जुनी निळी गाडी उभी. "चल, भाजी घ्यायला जाऊ," म्हणाल्या. भाजी आणली. मग म्हणाल्या, "उद्या पण येते. पण उद्या तू उजवीकडे बस." मला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती. साठी ओलांडलेल्या बाईने गाडी शिकायची म्हटल्यावर आमच्या मुलाने मोठ्ठा नकार दिला. आई, तुला काय गरज आहे, मी आहे ना. बाई त्याला एवढंच म्हणाल्या की तू आहेस शनिवार-रविवार, बाकीच्या दिवसांचं काय करून राहिला तू?

त्यांची तयारी म्हणजे लग्नघरासारखी. रात्री गाडीच्या काचेवर जुनी चादर पसरायची, टोकं दारांत अडकवायची. सकाळी चादर झटकली की काच मोकळी. तरी कुठे बर्फ राहिलाच तर तो खरवडायला स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं उलथनं. डिकीत फावडं, घोंगडी, थर्मास, चिवड्याचा डबा आणि चाकांच्या साखळ्या. माझ्या सुनेने गाडीची पूजा केली तेव्हा चाकाखाली लिंबं ठेवली होती. बाईंनी ती न बोलता उचलली, सुनेच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "याचं सरबत कर. आणि टायरच्या खाचेत बोट घालून पाह्य, किती उरली आहे ते."

साखळ्या चढवायला त्यांनी मला कधी शिकवावं? तर ऐन दिवाळीत, हिरवळीवर, फराळाला आलेल्या पाहुण्यांसमोर. मी नव्या साडीत चाकापाशी उकिडवी बसलेली. लोक हसले. बाई म्हणाल्या, हसू दे, बर्फात बोटं ऐकत नाहीत, तेव्हा हाताला आधीच सवय असली पाहिजे.

पुढच्या गाडीपासून त्या इतकं अंतर ठेवायच्या की मागून कोणी ना कोणी मध्ये घुसायचं. मग त्या आणखी मागे राहायच्या. आपला मंदार, तो सॉफ्टवेअरवाला, नेहमी बाईंच्या गाडीतून यायचा, कारण त्याच्याकडे तेव्हा गाडी नव्हती. तो म्हणायचा, बाई, या गॅपमध्ये मंडळाचा गणपती मिरवणुकीसकट मावेल. बाई म्हणायच्या, मावू दे, तोही घरी पोचेल, आपणही पोचू. धुकं असलं की त्या रेडिओ बंद करायला लावायच्या आणि काच बोटभर खाली करायच्या. डोळ्यांना दिसत नसेल तर कानांनी चालवायचं. थंडीतलं ऊन खाली येऊन डोळ्यांत शिरायला लागलं की सरळ बाजूला घेऊन उभ्या राहायच्या, लाज नाही, संकोच नाही.

आणि त्यांची खरी बदनामी झाली ती निरोप न घेण्यामुळे. थंडीत कोणाकडेही गेल्या तरी ऊन कलायच्या आत उठायच्या. पान वाढलेलं असलं तर जेवतील, पण नंतरचा चहा नाही, पानसुपारी नाही. 'अहो बाई, थांबा ना' म्हणेपर्यंत गाडी वळलेली असायची. आपलं तर तुम्हाला माहीतच आहे. सोफ्यावरून उठायला अर्धा तास, दारात अर्धा तास, गाडीच्या खिडकीशी आणखी पाव. बाईंना लोक तुसड्या म्हणायचे. मीही पहिल्यांदा म्हटलंच होतं.

आता महत्त्वाचं सांगते. बाईंचा मुलगा समीर ऑकलंडला, न्यू लिनला राहतो. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तोच विषय. बाई पंचाहत्तरीला आल्या होत्या, लायसन्ससाठी डॉक्टरचा दाखला लागायचं वय. तो म्हणायचा, आई, आता पुरे, इकडे ये, स्टेशन घराच्या खाली आहे, दुकानं पायाशी आहेत. शेवटी दोघांचं ठरलं. डॉक्टर पास करतील तोवर गाडी राहील. पण रस्त्यात एकदा जरी काही झालं तर गाडी विकायची आणि बाईंनी तिकडे जायचं. बाईंनी शब्द दिला. त्यांना स्वतःबद्दल खात्री होती. दाखला मिळाला तेव्हा त्यांनी मला घरी बोलावून शिरा खिलवला.

त्याच थंडीत आपल्या मंडळातल्या ऋतुजाच्या मुलीचं बारसं आलं. ऋतुजा डोंगरांपलीकडे ट्वायझलला असते, तिचा नवरा तिकडच्या वीजकेंद्रात इंजिनिअर. बाई, मी आणि मंदार आदल्या दिवशी गेलो. जाताना आकाश निळंशार, दोन्ही बाजूंना डोंगरांवर बर्फ, रस्ता कोरडा. बाईंनी ऋतुजाला आधीच बजावलं होतं की जेवण झालं की आम्ही उठणार.

बारसं छान झालं. जेवणं झाली. बाईंनी जॅकेट चढवलं, मी पिशवी उचलली. आणि तेवढ्यात ऋतुजा ताट घेऊन बायकांची ओटी भरायला निघाली. आम्ही दोघी सवयीने मागे सरकून दाराशी उभ्या राहिलो. आमच्यासारख्यांनी अशा वेळी कुठे उभं राहायचं हे कोणाला सांगावं लागत नाही. ऋतुजा सगळ्यांची भरत भरत आमच्यापर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, "बसा ना. तुमची पण भरायची आहे."

तिच्या पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी ते ऐकलं. मग उठून आत गेल्या. वाटलं, झालं आता काहीतरी. पण त्या कुंकवाची कोयरी घेऊन परत आल्या आणि ऋतुजाच्या शेजारी उभ्या राहिल्या.

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहत होते म्हणून मला कळलं. ऊन समोरच्या टेकडीच्या पलीकडे चाललं होतं. आयुष्यात एकदाही त्या या घटकेला कोणाकडे थांबल्या नव्हत्या. त्या खाली बसल्या, जॅकेटची चेन उघडली आणि पदर पुढे केला.

मग काय, एकदा बसल्यावर सगळंच आलं. फोटो आले, चहा आला, लाडू बांधून देणं आलं. बाईंनी एकदाही घाई केली नाही. गाडीत बसल्यावर पट्टा लावताना मला म्हणाल्या, "आजचा उशीर माझा आहे. त्या पोरीला कोणी बोलायचं नाही."

वाटेतलं तळ्याकाठचं टेकापो मागे पडलं तेव्हा हिमाचे कण पडायला लागले. पुढे खिंड, ती ओलांडली की उतार आणि मग सपाट प्रदेश. बाईंचा वेग कमी कमी होत गेला. आमच्या पुढे खूप अंतरावर एक गाडी होती. तिचे मागचे लाल दिवे एकदम पेटले, आणि ती हळूच, कोणी ढकलल्यासारखी, आडवी होत गवतात जाऊन उभी राहिली. आवाजसुद्धा झाला नाही. बाईंनी ब्रेकला पाय लावला नाही. खालचा गिअर टाकला, आमची गाडी आपोआप मंदावत गेली, रुंद जागा आली तिथे कडेला उभी राहिली. त्या माणसाला काही लागलं नव्हतं. मदतीसाठी मागून एक ट्रक थांबला होता. मी आणि बाईंनी साखळ्या चढवल्या. दिवाळीतला सराव असा कामी आला, बोटं बधिर होती पण हाताला वाट ठाऊक होती.

मंदारला वाटलं आता पुढे जायचं. बाईंनी गाडी मागे वळवली, टेकापोकडे. तो कळवळून म्हणाला, बाई, साखळ्या आहेत, खिंड एवढीशी आहे, उद्या सकाळी माझ्या प्रॉजेक्टचं रिलीज आहे. बाई म्हणाल्या, "साखळ्या परत फिरायला आहेत. तुझं रिलीज तू चालत जाऊन कर." आणि मुक्कामी पोचल्यावर किल्ली पर्समध्ये टाकून पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

मोटेलमध्ये एकच खोली उरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीचा रस्ता बंद, दुपारी ट्वायझलकडचाही बंद. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. खोली तशी उबदार, पण खिडकीबाहेर सगळं पांढरं. डोंगर नाही, तळं नाही, समोरचं दुकान नाही. मंदार दारापासून पलंगापर्यंत फेऱ्या मारत होता. मला हॉर्नबीची ती पहिली थंडी आठवत होती. चिवडा संपला, लाडू संपत आले. बाई तेवढ्या शांत होत्या. ओटीतल्या खणाची घडी मोडायच्या, पुन्हा घालायच्या.

त्यांना धास्ती रस्त्याची नव्हती, फोनची होती. आणि ती खरी ठरली. मंदारने गमतीत मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खिडकीचा फोटो टाकला होता, बाईंबरोबर बर्फात अडकलोय म्हणून. आता आपला ग्रुप. पहिल्याने हात जोडले. दुसऱ्याने काळजी व्यक्त केली. तिसऱ्याने कुठूनतरी उलटलेल्या गाडीचा फोटो आणून टाकला. चौथीने विचारलं, ही बाईंची का? पाचवी उत्तराची वाट न बघता रडायला लागली. दुपारपर्यंत बाईंना अपघात झाला होता आणि त्यांच्या सुखरूपतेसाठी दोन घरी अथर्वशीर्ष चालू होतं. मंदार बिचारा 'आम्ही ठीक आहोत' लिहीत होता, ते त्या हात जोडण्यात कुठल्या कुठे वर निघून जात होतं.

समीरचा फोन आला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "समीर, मी अडकली नाही. मी थांबली आहे. अडकली ती पुढची गाडी."

पलीकडून त्याने काहीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, हो, बर्फातच आहे.  फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शब्द दिला आहे मी."

रस्ता उघडला, आम्ही हळूहळू घरी आलो. समीर बाईंच्या घरी आधीच येऊन बसला होता. ओरडला नाही. आमच्यासाठी चहा टाकला, आईचे बूट काढून हीटरपाशी ठेवले. मी त्याला सगळं सांगितलं, पुढच्या गाडीचं, गिअरचं, साखळ्यांचं. अरे, तुझी आई होती म्हणून आम्ही तिघं धड आहोत, असं म्हटलं. ओटीचं मात्र सांगितलं नाही, बाईंनी नजरेने अडवलं. त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, "काकू, ती थांबली म्हणून वाचलात, हे मला कळतं. पण एखाद्या दिवशी ती थांबली नाही तर मला ते व्हॉट्सअॅपवर कळेल. मला ते नको आहे."  पोरगा रात्रभर जागा होता, डोळे सांगत होते.

बाईंनी किल्ली स्वतःच काढून टेबलावर ठेवली.

जायच्या दिवशी विमानतळावर त्यांना मी सोडलं, त्यांच्याच गाडीतून. माझं शिकाऊ लायसन्स होतं, शेजारी पक्क्या लायसन्सचं माणूस लागतं, आणि ते त्या होत्या. मागे समीर दोन्ही हातांनी वरची कडी धरून बसला होता. धुकं होतं, खालून रस्ता ओला की गोठलेला कळत नव्हतं. मी रेडिओ बंद केला, काच बोटभर खाली केली. बाई सबंध वाटभर एक अक्षर बोलल्या नाहीत. मला शिकवताना दर वळणाला दहा सूचना देणारी बाई. उतरताना गाडीच्या टपावर हलकेच थाप मारली, वासरू विकताना मारतात तशी, आणि आत निघून गेल्या. वळून बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी मात्र तिथल्या माणसाने गाडी पुढे घ्यायला सांगेपर्यंत उभी होते. मग घरी कशी जाणार हे लक्षात आलं, कारण शेजारी कोणी उरलं नव्हतं. शेवटी मुलाला फोन केला. तो टॅक्सीने आला, शेजारी बसला, आणि मी चालवत असताना त्याने तोंडातून ब्र काढला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने समीरकडून ती निळी गाडी माझ्यासाठी घेतली.

आता माझं पक्कं लायसन्स आहे. लायब्ररीत जाते, भजनाला जाते, तुमच्या डिलिव्हरीच्या वेळी डबे घेऊन कोण येतं ते तुम्हाला माहीत आहे. ज्याच्या घरून मी ऊन कलताच उठते तो मलाही तुसडी म्हणतो, माझ्या कानावर आलंय.

बाई न्यू लिनला सातव्या मजल्यावर आहेत. सगळं पायाशी आहे, समीरने खोटं सांगितलं नव्हतं. लिफ्टने उतरलं की ट्रेन, बस, मॉल. सून चांगली आहे, नातू पाया पडतो. तिथे बर्फ पडत नाही, काच खरवडावी लागत नाही. परवा फोनवर मी विचारलं, आज कुठे गेला होतात? म्हणाल्या, "कुठे जाणार बाप्पा? इथे सगळंच येऊन पोचलेलं आहे." मग हळूच म्हणाल्या की लायसन्स अजून पर्समध्येच आहे, संपायला अवकाश आहे. गाडी नाही, पण लायसन्स आहे. आणि मग विचारत राहिल्या, तुमच्याकडे उद्या पारा किती उतरणार आहे, घसरू नये म्हणून पुलावर खडी टाकली का, ऋतुजाची मुलगी चालायला लागली का. मी फोन ठेवला आणि त्या सातव्या मजल्यावर खिडकीशी बसलेल्या मला दिसत राहिल्या. अशी खिडकी मला ठाऊक आहे.

तर पोरांनो, तुमच्यावर रागावून झालं, आता उठा, ऊन आहे तोवर घरी जा. मला उरलेलं बाईंशी बोलायचं आहे. हे सगळं मंडळाच्या अंकात छापायचं ठरलंय, तो अंक त्यांच्याकडे जातो आणि त्या तो जाहिरातींसकट वाचतात.

बाई, तुम्ही या. चार दिवस या नाही तर चार महिने या, आतली खोली आवरून ठेवली आहे. विमानतळावर न्यायला मी येते. पण मी येताना चालवीन, परतताना डावीकडे बसणार आहे. घरापर्यंत गाडी तुम्ही चालवायची. समीरला मी विचारलेलं नाही. तो हे वाचेल आणि मला फोन करेल, तेव्हा बघू. थंडी संपायची वाट बघू नका. लवकर या.